मधला हात

जाधव सरांना कुणाचा नमस्कार सांगायची सोय नाही. मी लॅबमध्ये नवीन असताना एकदा सहज बोलून गेले, "सर, खालच्या रेकॉर्डमधल्या नाईकांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय." सर हातातलं काम टाकून उठले, सगळे जिने उतरून तळमजल्यावर गेले आणि नाईकांना विचारून आले, की तुम्ही नमस्कार सांगितलात का, आणि सांगितला असेल तर माझ्याकडे काही काम आहे का. नाईक बिचारे गांगरले. त्यांनी नमस्कार सांगितलाच नव्हता. "सर बरे आहेत ना?" एवढंच ते म्हणाले होते. सर धापा टाकत वर आले, खुर्चीत बसले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "बघा. 'बरे आहेत ना'चा नमस्कार झाला. चार जिन्यांत. मधला हात!"

हे 'मधला हात' काय प्रकरण आहे ते आधी सांगते, म्हणजे माझा संताप तुम्हाला कळेल. आणि माझा संताप कळल्याशिवाय जाधव सर कळायचे नाहीत.

परळच्या एका जुन्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात आमची लॅब आहे. तिच्या इम्युनोॲसे विभागाचे दिनकर जाधव हे इन्चार्ज. थायरॉइड, कावीळ, एचआयव्ही, दिवस गेलेत की नाहीत, असल्या तपासण्या आमच्याकडे होतात. रक्तात जे शोधायचं ते इतकं बारीक असतं की डोळ्याला सोडाच, साध्या यंत्रालाही दिसत नाही. मग त्यालाच नेमकं जाऊन चिकटेल असं रसायन रक्तात मिसळायचं. चिकटलं की अंधारात उजेड पडतो. किती उजेड पडला ते मशीन मोजतं, हिशेब करतं आणि आकडा सांगतं. ऐकायला जादू वाटते, पण रोज सकाळपासून बघितली की भाजी निवडण्याइतकीच साधी होते.

आता गंमत ऐका. मशीनला आकडा माहीत असतो. शेजारच्या टेबलावर कॉम्प्युटर असतो, त्याला रिपोर्ट काढायला तोच आकडा हवा असतो. दोघांत अंतर हातभर. पण एका घरात अबोला धरलेल्या जावांसारखी ही दोघं एकमेकांशी बोलत नसत. मशीन आपला आकडा कागदाच्या पट्टीवर छापून खाली सोडायचं, आणि तो उचलून कॉम्प्युटरला सांगायला मध्ये एक माणूस बसवलेलं होतं. ते माणूस म्हणजे मी. शैला परब, बी.एस्सी., राहणार घोडपदेव.

आणि मला हा गृहस्थ माझ्या तोंडावर 'मधला हात' म्हणायचा.

तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं? मी कीबोर्डकडे न बघता टाइप करते. माझ्या बोटांखालून गेलेल्या आकड्याबद्दल कधी कुणाची तक्रार आली नाही. पण सरांचं म्हणणं असं, की चूक झाली नाही याचा अर्थ ती व्हायची आहे. आकडा मशीनच्या पोटातून निघाला की पेशंटच्या डोळ्यापर्यंत त्याला माणसाचा हात लागता कामा नये. हात लागला की आकडा विटाळला, असं ते म्हणायचे आणि वर स्वतःच हसायचे. "आमच्या आज्याला विटाळ सांगणारे गेले परबबाई, मी आकड्यांचा विटाळ पाळतो." हा विनोद मला कळत असे, पण त्या वेळी मी हसत नसे.

ही खोड फक्त लॅबपुरती असती तर मी एक वेळ सोडून दिलं असतं. पण सरांनी सगळ्या आयुष्यातून मधला हात काढून टाकायचा चंग बांधलेला. बुद्धपौर्णिमेला ते पातेलंभर खीर करून आणायचे. कुणीही शहाणा माणूस पातेलं पॅन्ट्रीत ठेवून देईल आणि सांगेल, घ्या रे आपापली. सर डाव आणि वाट्या घेऊन प्रत्येकाच्या टेबलाशी जायचे, समोर उभं राहून खायला लावायचे आणि विचारायचे, कशी झालीय. "छान" म्हटलेलं चालत नसे. गोड किती, वेलची किती, दूध आटलं होतं का, असं सुटं सुटं सांगावं लागे. लग्नाची पत्रिका कुणाच्या हाती आली की ते लग्नाला जात नसत, आणि ज्याने स्वतः येऊन सांगितलं त्याच्या मुलाच्या बारशालाही पनवेलपर्यंत जाऊन यायचे. बसच्या पाटीवरचा आकडासुद्धा ते ड्रायव्हरकडून खात्री केल्याशिवाय मानत नसत. कारण त्यांच्या मते मराठीतला एक आणि इंग्रजीतला नऊ हे जुळे भाऊ आहेत आणि पाटी रंगवणाऱ्याच्या मनात त्यातला कोण होता ते पाटीला विचारून कळत नाही.

त्यांचं लग्नही म्हणे याच पायी राहिलं. मध्यस्थाने सांगितलं होतं की मुलगी शांत आहे. सर दुसऱ्या दिवशी एकटेच मुलीच्या घरी गेले आणि तिला विचारलं, तुम्ही शांत आहात का. ती म्हणाली, मुळीच नाही. सर खूश झाले, हो म्हणून आले. पण मध्यस्थाचा अपमान झाला, मुलीच्या बापाचा त्याहून झाला आणि ते जे फिस्कटलं ते फिस्कटलं. हे मला त्यांच्या शीवच्या बहिणीने सांगितलं. म्हणजे मधल्या हातानेच, तेव्हा खरं-खोटं मी सांगू शकत नाही.

आमच्या खोलीत दिवसभर एक पारायण चालायचं. सर पट्टी हातात धरून मोठ्याने वाचणार, "एक पॉइंट आठ दोन." मी टाइप करणार. मग मी स्क्रीनवरून वाचणार, "एक पॉइंट आठ दोन," आणि सर पट्टीवर टिक करणार. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. मध्ये मध्ये सर तोंडी लावायला गप्पा हाणायचे. नायगावच्या बीडीडी चाळीतल्या त्यांच्या मजल्यावर कोण कोण राहायचं, कुणाचा पोरगा पोलिसात लागला, कुणाची सून कुणाशी भांडली. ती चाळ आता पाडली. नवीन टॉवर व्हायचाय, तोवर सर शीवला एका खोलीत भाड्याने राहतात आणि त्यांचा मजला मुंबईभर पांगलाय. पण गप्पांत तो जसाच्या तसा भरलेला असायचा. आकडा आला की गप्पा थांबायच्या, आकडा गेला की पुढे सुरू.

या पारायणाचा एक कडक नियम होता. दीड, अडीच, सव्वा, साडे, पावणे हे शब्द खोलीत काढायचे नाहीत. मी एकदा चुकून "अडीच" म्हटलं तर सर पट्टी खाली ठेवून गप्प बसून राहिले, मी "दोन पॉइंट पाच शून्य" म्हणेपर्यंत. मला ते अति वाटायचं. आईच्या दुधाबरोबर शिकलेले आकडे, ते काय माझं वाकडं करणार? पण तेच आकडे एक दिवस लॅबवर उलटले, आणि माझ्यामागे शुक्लकाष्ठ लागलं.

झालं असं, की मी भाच्याच्या लग्नाला कणकवलीला गेले होते. त्यातल्या एका दिवशी सरांनाही मशीनच्या कंपनीने कसल्याशा ट्रेनिंगला बोलावलं. आकडे वाचायला बसल्या आमच्या डॉक्टर मॅडम, जन्माने गिरगावच्या, मराठी अगदी स्वच्छ. आणि टायपिंगला अकाउंट्समधला एक नवीन मुलगा आणून बसवलेला. स्क्रीनवरून उलट वाचून बघायचं दोघांनाही ठाऊक नव्हतं. मॅडमनी पट्टीवर चार पॉइंट पाच शून्य बघितलं आणि म्हणाल्या, "साडेचार." मुलाने टाइप केलं, चार पॉइंट तीस. मॅडम म्हणाल्या, "सव्वातीन." मुलाने टाइप केलं, तीन पॉइंट पंधरा. "पावणेदोन," एक पॉइंट पंचेचाळीस. त्याच्या दृष्टीने काही चुकलं नव्हतं. त्याने जन्मभर साडेचार घड्याळातच बघितलेले.

सर दुसऱ्या दिवशी पट्ट्या तपासायला बसले आणि त्यांचा आवाज म्हणे कॅन्टीनपर्यंत आला. "थायरॉइडला काय साठ मिनिटं असतात का?" हे वाक्य पुढे महिनाभर आमच्या हॉस्पिटलात म्हणीसारखं वापरलं गेलं. नशिबाने फरक इतके थोडे होते की कुणाची गोळी बदलली नाही, कुणाला काही झालं नाही. पण सरांनी चुकलेल्या प्रत्येक पेशंटला स्वतः फोन केला, स्वतः माफी मागितली आणि नवीन रिपोर्ट स्वतः हातात दिला. मॅडमना ते काही बोलले नाहीत. त्या मुलालाही नाही. मी गावाहून परत आले तेव्हा मला म्हणाले, "बघितलंत? मधला हात."

मी उसळलेच. म्हटलं, सर, मी इथे नव्हते. मी कणकवलीला पंगतीत वाढत होते. तर हा माणूस शांतपणे म्हणाला, "तुम्ही नव्हतात, पण खुर्ची होती ना. खुर्ची आहे तोवर कुणाचा ना कुणाचा हात येणारच."

म्हणजे आता माझी खुर्चीही गुन्हेगार.

त्या दिवसापासून सरांनी एकच ध्यास घेतला. मशीन आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये वायर टाकायची. त्याला इंटरफेस म्हणतात. नळीवरचा बारकोड मशीनने वाचायचा, आकडा वायरीतून थेट कॉम्प्युटरमध्ये, तिथून नेहमीच्या मर्यादांशी ताडून रिपोर्ट थेट पेशंटच्या मोबाइलवर. सर सांगताना असे खुलायचे की जसं घरात मूल होणार आहे. तरुणपणी त्यांनी हेच आकडे ग्राफ पेपरवर पेन्सिलीने रेघ ओढून काढले होते. दोघांनी रेघ ओढली की दोन उत्तरं यायची. "पेन्सिलीचं टोक जाड तर माणसाचा थायरॉइड जास्त," असं ते म्हणायचे. रेघ ओढायचा हात मशीनने केव्हाच काढला होता. राहिला होता तो माझा.

वायरीसाठी ते दर आठवड्याला ॲडमिनिस्ट्रेटर साहेबांकडे स्वतः जायचे. अर्ज करत नसत, कारण अर्ज किती हातांतून जाईल! जायचे आणि लाल होऊन परत यायचे. साहेब काय म्हणाले ते सांगायचे नाहीत. मीही विचारायची नाही. कोण आपल्याच मरणाची चौकशी करेल?

शेवटी एक मोठी मिटिंग झाली. सर, मॅडम, ॲडमिनिस्ट्रेटर, कंपनीचा माणूस. दार बंद. आमच्या स्टोअरचे मयेकर काही सह्या घ्यायला म्हणून त्या दाराबाहेर उभे होते. दुपारी कॅन्टीनमध्ये ते माझ्याशेजारी येऊन बसले, आवाज खाली घेतला आणि म्हणाले, "परबबाई, तुमका म्हणान सांगतंय. जाधव आत वरडान सांगत होतो, बाईंना काढा तिथून. माझ्या कानांनी ऐकलंय."

मी ताट बाजूला सारलं. इतकी वर्षं समोरासमोर बसून, याच्या मजल्यावरची सगळी भांडणं ऐकून, याची खीर सुटी सुटी वर्णन करून, हा माणूस साहेबांना ओरडून सांगतो की बाईंना काढा! घरी येऊन मी भांडी आदळली. सासूबाई म्हणाल्या, "काय गो, भांड्यांनी काय केल्यानी तुझा?" नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सरळ विचार ना त्यांना." विचार म्हणे! मी का विचारू? बोलला तो. सांगायचं तर त्याने सांगावं.

मी आकड्यांव्यतिरिक्त बोलणं बंद केलं. सर चाळीतली एखादी गोष्ट काढायचे, मी स्क्रीनकडे बघून "पुढचा" म्हणायची. गोष्ट तिथेच राहायची. हळूहळू त्यांनी काढणंही सोडलं. खोलीत नुसते पॉइंट आणि शून्य. त्या वर्षी त्यांनी खीर आणली तेव्हा मी वाटी घेतली, खाल्ली, आणि कशी झाली ते सांगितलं नाही. ते थोडा वेळ डाव धरून उभे राहिले आणि पुढच्या टेबलाशी गेले.

मग कंपनीचा इंजिनियर आला. तरणाबांड, कानात इअरफोन. त्याने वायर जोडली, लॅपटॉप उघडला आणि चाचणी सुरू झाली. आम्ही सगळे स्क्रीनपुढे उभे. जुने नमुने, रिपोर्ट आधीच दिलेले, म्हणून कुणाला धोका नव्हता. पहिले आकडे सुळसुळ येऊन आपापल्या नावापुढे बसले. सरांचे डोळे भरून आले होते, मी बघितलं, आणि मला आणखीनच राग आला. एवढ्यात एका सत्तरीच्या आजोबांच्या नावापुढे कॉम्प्युटरने कळवलं की त्यांना दिवस गेले आहेत.

काय सांगू, किती दिवसांनी मी पोट धरून हसले. म्हटलं सर, माझ्या हाताने बाकी काहीही केलं असेल, आजोबांना बाळंतपण नाही दिलं. इंजिनियरच्या खांद्यावरून वाकून सरांनी शोध लावला की कुठल्या तपासणीचा कोड कुठला, ही यादी त्या मुलाने हाताने भरली होती आणि एका ओळीत आकडा चुकवला होता. मग माझ्याकडे वळून विजयी स्वरात म्हणाले, "चूक वायरीची नाही. ही यादी कोणी टाइप केली? हाताने!"

अशा माणसाशी वाद तरी काय घालणार? यादी दुरुस्त झाली, आजोबा सुटले, आणि पुढच्या सगळ्या चाचण्यांत वायर एकदाही चुकली नाही. दोन्ही जावा तोंड भरून बोलायला लागल्या. माझी पट्टी बंद, माझं टायपिंग बंद. आणि ॲडमिनच्या ऑफिसातून निरोप आला की सोमवारपासून परबबाईंनी खाली रिपोर्टच्या खिडकीवर बसायचं.

खिडकीवर! एसीतल्या लॅबमधून उचलून तळमजल्यावर, जिथे दिवसभर रांग, कटकट, "माझा रिपोर्ट कुठाय" आणि पंखाही धड फिरत नाही. बी.एस्सी. बाई. आता मात्र माझ्या डोक्यातली शीर तटतटली. मी तडक आमच्या खोलीत गेले. सर एकटेच मशीनपुढे उभे होते.

"सर, तुम्ही मिटिंगमध्ये म्हणालात का, की बाईंना काढा तिथून?"

त्यांनी चष्मा काढला. "कोणी सांगितलं?"

"मयेकरांनी."

"मयेकर आत होते?"

"दाराबाहेर होते."

सरांना इतकं रागावलेलं मी साडेचारच्या प्रकरणातही बघितलं नव्हतं. म्हणाले, इतके दिवस तुम्ही माझ्याशी बोलत नाही, ते या मयेकरपायी? दाराबाहेरून ऐकलेल्या अर्ध्या वाक्यापायी? हातभर अंतरावर मी बसलो होतो, मला का नाही विचारलंत? मी म्हटलं, आता विचारतेय ना. म्हणालात की नाही?

"म्हणालो," ते म्हणाले. "पूर्ण ऐका. मी दर आठवड्याला वायर मागायला जायचो आणि साहेब दर आठवड्याला एकच बोलायचे, वायर कशाला, बाई आहेत ना. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, बाई म्हणजे वायर आहे का? शिकलेलं माणूस आणलंत आणि त्याची वायर करून ठेवलीत. काढा बाईंना तिथून आणि जिथे माणूस लागतो तिथे बसवा."

मी म्हटलं, आणि ती जागा म्हणजे खिडकी?

तर म्हणाले, हो, खिडकी. आता रिपोर्ट मोबाइलवर जाणार. घोडपदेवच्या म्हातारीने त्या मोबाइलवर काय वाचायचं? आणि काही रिपोर्ट मोबाइलवर जाणारच नाहीत, तशी अटच मी घातलीय. एचआयव्हीचा, बी प्रकारच्या काविळीचा, राहिलेला गर्भ गेल्याचा. ते माणसाने माणसाला तोंडावर सांगायचे, त्याला बसवून, पाणी देऊन, पुढे कुठे जायचं ते समजावून. त्याचं रीतसर ट्रेनिंग आहे, तुमचं नाव दिलंय. साहेब म्हणत होते कुणालाही बसवू. मी म्हटलं कुणालाही नाही, परबबाईंना.

पण राग असा एका वाक्याने जातो होय? मी म्हटलं, सगळं छान आहे सर. साहेबांना विचारलंत, मॅडमना विचारलंत, कंपनीला विचारलंत. मला विचारलं होतंत का, की तुम्हाला खिडकीवर बसायचंय का?

एका नमस्काराची खात्री करायला चार जिने उतरणारा माणूस, हातभर अंतरावरच्या बाईला विचारायचं विसरला होता. सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "नाही. ते राहिलं. चुकलं माझं." आणि चष्मा पुन्हा लावून, "आता विचारतो. बसाल का?"

मी लगेच हो म्हटलं नाही. घरी विचारून सांगते म्हटलं, आणि जिना उतरताना रडले.

खिडकीवर बसून आता मला बरेच दिवस झाले. पंखा अजून धड फिरत नाही, त्यासाठी मी ॲडमिनशी भांडतेय. पण रांगेतली बाई जेव्हा मोबाइल पुढे करून विचारते, "ताई, चांगलं आलंय की वाईट, एवढंच सांगा," तेव्हा मी दुसरीकडे कुठे असायला हवं होतं असं मला वाटत नाही. काही जणांना शेजारच्या छोट्या खोलीत नेऊन बसवते. तिथे काय बोलते ते इथे लिहिणार नाही, कारण ते त्यांचं आहे.

परवाची गोष्ट. जेवणाच्या सुमाराची वेळ, रांग दारापर्यंत गेलेली. मी एकेकाला निपटत होते. पुढचा म्हणून मान वर केली तर समोर जाधव सर. विभागाचे इन्चार्ज, गळ्यात ओळखपत्र, आणि पेशंटांच्या रांगेत उभे राहून नंबर लावून आलेले.

मी म्हटलं, अहो सर, काही हवं होतं तर फोन करायचा, कुणाला तरी पाठवायचं. ते म्हणाले, कुणाला कशाला, मीच आलो. मग काम काय म्हणून विचारलं तर म्हणाले, काम काही नाही.

ते खिडकीच्या कठड्यावर हात ठेवून उभे राहिले. मागचा माणूस चुळबुळायला लागला.

"वायर चांगली चाललीय," सर म्हणाले. "अजून एक चूक नाही." मग माझ्या मागच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "पण वर बोलायला कुणी नाही. पूर्वी निदान घरी गेल्यावर चाळ होती. हे असं होणार मला माहीत होतं. तरी वायर टाकायलाच हवी होती, त्यात काही चूक नाही. फक्त तुम्हाला सांगावं म्हटलं, समोर येऊन."

एवढं सांगायला हा माणूस अर्धा तास रांगेत उभा होता.

मागून कुणीतरी वैतागून म्हणालं, "ओ काका, रिपोर्ट घ्यायचाय का तुम्हाला? नाहीतर सरका ना. आम्ही काय टाइमपासला उभे आहोत?" त्याच्या मागच्या दोन-तीन बायकांनीही त्याची री ओढली. आणि मला असा राग आला म्हणून सांगू. मी खिडकीतून मान बाहेर काढली आणि म्हटलं, "थांबा जरा. ते नंबर लावून आलेत. त्यांचं झाल्याशिवाय पुढचा घेणार नाही."

मी सरांना विचारलं, जेवलात का. ते म्हणाले, नाही.

म्हटलं, बाजूला दार आहे, आत येऊन बसा. एवढी रांग संपवते आणि मग आपण जेवू. ते आत आले, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. रांग त्या दिवशी काही केल्या संपेना, आणि सरांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही.